चाक्कोचा डाव आणि मामींचा डोळा

मला फक्त एका दिवसाची किरकोळ रजा हवी होती. त्यावरून पुढे जे रामायण झालं ते मी स्वतः कुणाला सांगत नाही. पण राजापेठेतल्या आमच्या अपार्टमेंटच्या चारही मजल्यांवर ते निरनिराळ्या पद्धतीनं सांगितलं जातं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आवृत्तीत तर मी सट्ट्यापायी सासूबाईंचा डोळा विकला असं आहे. तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकतो.

रजा हवी होती बुद्धिबळासाठी. खेळण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला कुणी 'तू स्वतः किती रन काढतो?' असं विचारत नाही. पण बुद्धिबळ पाहतो म्हटलं की समोरचा लगेच पट मांडतो, आणि आठव्या चालीला माझा वजीर गेला की माझ्याकडे असं पाहतो, जणू मी खोटं प्रमाणपत्र दाखवून नोकरीला लागलो आहे. मी चांगला खेळत नाही. मी चांगला पाहतो.

त्या फेब्रुवारीत समरकंदला जगातल्या निवडक दहा खेळाडूंची स्पर्धा चालू होती आणि तिच्यात माझा माणूस होता. ग्रँडमास्टर जोएल चाक्को, राहणार केरळ, वय बावीस. आता अमरावतीच्या पाटबंधारे खात्यातल्या वरिष्ठ लिपिकानं केरळच्या पोराला आपला माणूस का म्हणावं? तर चाक्को आमच्या खात्यासारखा खेळतो. या स्पर्धेत पहिल्या चाळीस चालींना दोन तास मिळतात. चाक्को वीस चालींतच एक तास पंचावन्न मिनिटं घालवतो आणि उरलेल्या वीस चाली पाच मिनिटांत धापा टाकत उरकतो. मार्चअखेर ज्यानं कार्यालयात बसून काढली आहे त्यालाच यातलं सौंदर्य कळतं.

आठ फेऱ्या मी कार्यालयातच पाहिल्या. टेबलावर कालवा दुरुस्तीची जाड फाईल उभी करायची, तिच्या आडोशाला मोबाईल टेकवायचा, आवाज बंद. दुपारभर चेहरा इतका गंभीर राहायचा की नवीन लागलेले लोक मला फार कामाचा माणूस समजू लागले होते. घात झाला तो आठव्या फेरीला. आमचे कार्यकारी अभियंता ढोमणे साहेब यांनी अचानक आढावा बैठक लावली. मी मोबाईल मांडीवर घेऊन बसलो. साहेब कालव्याच्या गळक्या पाटचारीबद्दल बोलत होते आणि तिकडे चाक्कोनं एक भलतीच चाल केली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हत्ती गेला!"

बैठक थांबली.

"कुठं गेला?" ढोमणे साहेबांनी विचारलं.

आता पटावरचा हत्ती म्हणून सांगावं, तर मांडीवरचा मोबाईल दाखवावा लागणार. मी म्हणालो, "मेळघाटाकडं गेला म्हणतात, साहेब."

बैठकीच्या इतिवृत्तात सातव्या क्रमांकावर 'कालव्यालगत आढळलेल्या हत्तीबाबत संबंधितांशी पत्रव्यवहार करावा' अशी नोंद आहे. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि त्याचं टेबल माझंच आहे.

चाक्कोनं मात्र हत्ती देऊनही तो डाव बरोबरीत सोडवला. आठ फेऱ्यांनंतर स्वीडनचा लिंडक्विस्ट सहा गुणांवर आणि चाक्को साडेपाचवर. मधे दोन दिवस विश्रांती, आणि शुक्रवारी दुपारी दीड वाजता शेवटच्या फेरीत हे दोघं समोरासमोर. चाक्को जिंकला तर स्पर्धा त्याची. ही लढत मी कार्यालयात पाहिली असती तर इतिवृत्तात उंट, घोडे सगळेच आले असते. रजा घेणं भाग होतं.

शेजारचे खुशालराव तहसीलमधून निवृत्त झालेले. रजेच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या जिन्यात शेवटचा मानला जातो.

"खेयाचं कारन लिवू नका," ते म्हणाले. "ताप बी लिवू नका, तापाले आता कोनी मोजत नाई. मयत लिवली तं मंग तेरवीची बी सुट्टी घ्या लागते. मोतीबिंदू लिवा. मोतीबिंदू सभ्य बिमारी हाय. जिवाले धोका नाई, अन् साहेबाले नाई म्हनता येत नाई. म्या नोकरीत पाच मोतीबिंदू काढले."

"कोनाचे?"

"आईचे दोन. सासूचे तीन."

मोतीबिंदू आमच्या घरात खरंच होता, ही त्यातली समाधानाची बाब. माझ्या सासूबाई चतुराबाई, आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडला राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाच वर्षं त्या ऑपरेशनला नाही म्हणत होत्या. "मले कापूस दिसते, माती दिसते," असं त्यांचं म्हणणं. "मानसं नाई दिसले तं काय बिघडते?" तेव्हा मी अर्जात 'सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकरिता' असं लिहिलं, तर त्यात सासूबाई खऱ्या होत्या, मोतीबिंदू खरा होता. फक्त शस्त्रक्रिया तेवढी नव्हती. तीन भागांतले दोन भाग खरे, ही सरकारी कागदाच्या मानानं चांगली टक्केवारी आहे.

ढोमणे साहेबांनी अर्ज वाचला. सही करायला पेन उचललं आणि थांबले.

"कोनतं हॉस्पिटल?"

हा प्रश्न खुशालरावांच्या शिकवणीत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे रोज एसटीच्या मागच्या काचेवर दिसणारी जाहिरात आली. "दृष्टिदीप नेत्रालय, साहेब. अकोला."

"डॉक्टर पौर्णिमा गावंडे! वा. चांगल्या आहेत. शुक्रवारी मी अकोल्यालाच आहो, मंडळ कार्यालयात बैठक आहे." साहेबांनी सही केली. "संध्याकाळी येतोच पाहायले."

मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. खुशालरावांनी बायकोला, गोदाबाईंना, सांगितलं होतं, आणि गोदाबाई वाटीभर लोणचं घेऊन आमच्याकडे येऊन "आईले जपा बरं नीलम, डोळ्याचं काम हाय" असं म्हणून गेल्या होत्या. माझी बायको नीलम शाळेत गणित शिकवते. तिनं मला उभं केलं आणि पायरीपायरीनं सगळं वदवून घेतलं. ती चिडली असती तर मला परवडलं असतं. ती चिडली नाही. तिनं शांतपणे मोबाईल उचलला, हिवरखेडला लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, तुझ्या जावयांनी तुझ्या ऑपरेशनसाठी रजा घेतली आहे. शुक्रवारची. साहेबाची सही झाली."

पलीकडून मामींचा आवाज आला, आणि तो भरून आलेला होता. "जवाईबापूनं? माह्यासाठी सुट्टी घेतली?" मग त्या म्हणाल्या, "सख्खे पोरं म्हनत राहिले पाच वर्स, पन सुट्टी कोनी घेतली नाई. मंग आता काय नाई म्हनू? काढा लागन डोया."

नीलमनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गणित सुटल्यावर ती अशी पाहते.

दुसऱ्याच दिवशी तिनं मामींना अकोल्याला आणून रक्त, साखर, रक्तदाब सगळं तपासून घेतलं, शुक्रवारचा नंबर लावला आणि मला बजावलं, "माझी परीक्षेची ड्युटी आहे. मी शनिवारी सकाळी येते. रजा तुमची आहे, तुम्ही बसा." आता मी मनात जे योजलं होतं ते असं: ऑपरेशन बारा वाजता उरकेल, मामी पडून राहतील, आणि मी शेजारच्या खुर्चीवर कानात इअरफोन घालून दीडपासून चाक्को पाहीन. माणसानं योजावं इतकंच.

दृष्टिदीप नेत्रालयात शुक्रवारी शासकीय योजनेची पस्तीस माणसं होती. मामी हिवरखेडहून पहाटेची गाडी धरून माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, नवीन लुगडं. आमचा नंबर सतरावा. त्याच्याआधी योजनेच्या खिडकीवर ओळख पटवायची होती. खिडकीत मोनाली नावाची एक अतिशय सालस मुलगी होती. मी सालस म्हणतो ते मुद्दाम, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. दोष मशिनचा आहे.

"आजी, अंगठा ठेवा."

मामींनी अंगठा ठेवला. मशिननं लाल दिवा दाखवला. दुसरा अंगठा, लाल. मग आठही बोटं झाली. पन्नास वर्षं कापूस वेचून मामींच्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या होत्या.

"काही हरकत नाही," मोनाली म्हणाली. "डोळे स्कॅन करू."

मामींनी मशिनपुढे डोळे धरले. लाल दिवा. पुन्हा धरले. पुन्हा लाल.

"मोतीबिंदू आहे ना," मोनाली वरमून म्हणाली, "म्हणून डोळा ओळखू येत नाही."

"म्हंजे," मी विचारलं, "मोतीबिंदू काढल्याशिवाय डोळा ओळखू येनार नाई?"

"हो."

"अन् डोळा ओळखू आल्याशिवाय मोतीबिंदू काढता येनार नाई?"

मोनालीनं क्षणभर विचार केला. "हो," ती म्हणाली, "असंच झालं आहे खरं."

तिसरा मार्ग ओटीपीचा. मामींच्या आधारला जो मोबाईल नंबर जोडला होता तो माझा निघाला, कारण कधीकाळी मीच जोडून दिला होता. सर्व्हर बंद होता. चालू झाला की ओटीपी येईल, आला की लगेच सांगायचा, पाच मिनिटांत तो बाद होतो. "मोबाईल हातातच ठेवा, काका," मोनाली म्हणाली. तिला काय माहीत, त्या दिवशी माझ्या हातातून मोबाईल काढायला पोलीस लागले असते. आणि काका कशाला? माझं वय अठ्ठेचाळीस आहे.

दीड वाजला. समरकंदला घड्याळं सुरू झाली. चाक्कोनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो.

"काय पाहून राहिले, जवाईबापू?" मामींनी विचारलं.

"बुद्धिबळ, मामी. आपला चाक्को खेळून राहिला."

"कोन चाकू?"

"चाक्को. केरळचा."

"अन् समोर कोन हाय?"

"लिंडक्विस्ट."

"लिंबाजी," मामींनी मान हलवली. "मंग सांगा काय चाललं. मले तं काई दिसत नाई."

त्यांच्या पलीकडे तिवशाचे भगवंतराव बसले होते, एका डोळ्यावर आधीच पट्टी, दुसऱ्यात थेंब टाकलेले. ते म्हणाले, "मोठ्यानं सांगा भाऊ, आमालेही नाई दिसत." मग लक्षात आलं की त्या दालनात बसलेल्या कुणालाच दिसत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब होते आणि सगळ्यांना तीन-चार तास घालवायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला असे श्रोते मिळाले होते ज्यांच्यातला एकही उठून पट मांडणार नव्हता.

मी सांगू लागलो. प्यादं म्हणजे काय, ते एकेक घर पुढं जातं, मागं येत नाही.

"म्हंजे मजूर," मामी म्हणाल्या.

"हो. अन् राजा एकेकच घर सरकते. त्याले फार पळता येत नाई."

"मंग तो करते काय?"

"तो काई करत नाई. बाकीचे त्याच्यासाठी मरते."

"वाटलंच मले," मामी म्हणाल्या, आणि भगवंतराव इतके हसले की सिस्टरनं येऊन पट्टी सरकेल म्हणून त्यांना दटावलं.

तीनच्या सुमारास दालनात तट पडले. बहुतेक चाकूच्या बाजूला. भगवंतराव लिंबाजीच्या बाजूला गेले, का तर कुणीतरी त्याच्याही बाजूला पाहिजे. मामींना बुद्धिबळातली एकच गोष्ट मनापासून कळली होती, ती म्हणजे घड्याळ. प्रत्येक चालीनंतर त्या विचारत, "किती वेळ उरला पोराले?" मी सांगितलं की त्या चुकचुकत. "काहून इतका इचार करते तो? पेरनीच्या वक्ताले इतका इचार केला असता तं जमीन पडीक राह्यली असती."

चार वाजता चाक्कोकडे एक प्यादं जास्त होतं. साडेचारला चाक्कोच्या बत्तीस चाली झाल्या होत्या आणि घड्याळात चार मिनिटं उरली होती. आठ चाली, चार मिनिटं. लिंडक्विस्टकडे जवळजवळ तास होता. मी एकेक सेकंद मोजून सांगत होतो. तिकडे सर्व्हर चालू होऊन काही मिनिटं झाली होती.

"चतुराबाईंचे नातेवाईक!" मोनालीनं खिडकीतून हाक मारली. "ओटीपी आला का?"

आला होता. सकाळपासून मी बाकी सगळे संदेश बंद करून ठेवले होते, डावात व्यत्यय नको म्हणून, आणि तो बिचारा सहा मिनिटांपूर्वी येऊन बाद झाला होता.

"दुसरा पाठवते. मोबाईलच इकडे द्या काका, मीच टाकते. डॉक्टर थांबल्या आहेत, आता नाही झालं तर सोमवारी यावं लागेल."

माझ्या हातात चाक्कोच्या शेवटच्या आठ चाली होत्या. शेजारी मामी उभ्या राहिल्या होत्या, पिशवी छातीशी धरून, खिडकी नेमकी कुठे आहे ते न दिसल्यामुळे भिंतीकडे तोंड करून. पाच वर्षांनी त्या तयार झाल्या होत्या. सोमवारी पुन्हा हिवरखेडहून येतील याचा काय भरवसा?

मी मोबाईल दिला. मला यात फार मोठेपणा नको आहे, पण दिला हे लिहून ठेवतो.

ओटीपी आला, मोनालीनं टाकला, हिरवा दिवा लागला, सिस्टर मामींना हाताला धरून आत घेऊन गेली. हे सगळं दोन मिनिटांत. मात्र मोबाईल परत येईना. "थांबा, अजून एक येणार आहे," असं म्हणून मोनालीनं तो आपल्या की-बोर्डशेजारी ठेवला. डाव चालूच होता; उलटा, तिरपा, अर्धा दिसत होता. खिडकीच्या काचेला कागद सरकवण्यापुरती एक अर्धगोल जागा होती. तिच्यातून मी आधी डोळे, मग कपाळ, आणि चाक्कोनं अडतिसावी चाल केली का हे पाहताना कानांसकट अख्खं डोकं आत घातलं. आत गेलं ते सहज गेलं. बाहेर येताना कान आडवे आले.

"काका!" मोनाली ओरडली.

"तायडे?" माझ्या मागून आवाज आला.

माणूस मागून ओळखू येण्याइतका मी कार्यालयात परिचित आहे, हे मला तेव्हा कळलं. ढोमणे साहेब. हातात संत्र्यांची पिशवी असावी, कारण मला फक्त वास येत होता.

"नमस्कार साहेब," मी खिडकीच्या आतून मोनालीच्या दिशेनं म्हणालो.

मोनालीनं माझ्या कानांना टेबलावरचं सॅनिटायझर लावलं, साहेबांनी मागून खांदे धरले, आणि मी बाहेर आलो. साहेबांचे डोळे पाणावलेले होते. मला वाटलं हसून. पण नाही.

"तायडे, मले माफ करा," ते म्हणाले. "खरं सांगतो, मी आज पडताळायले आलो होतो. मले वाटलं, हा मोतीबिंदू खोटा आहे. अन् इथं पाहतो तं तुमी सासूच्या कागदासाठी खिडकीत मुंडकं घालून उभे. माह्या सासूच्या वेळेस मी साधा फोन नाई केला."

माणसाला मान खाली घालावीशी वाटते आणि नुकतीच ती मोकळी झालेली असते, अशी ती वेळ. मी काही बोलणार, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडून सिस्टर बाहेर आली. मास्क खाली, कपाळावर आठ्या.

"चतुराबाईंचे कोन आहे? त्या मान हलवून राहिल्या. डॉक्टर म्हणते मान हलली तर करता येनार नाही. सारखं विचारते, चाकूचं काय झालं, चाकूचं काय झालं. डॉक्टरनं सांगितलं, आजी घाबरू नका, आता चाकू नसतो, मशिननं होते. तर म्हणते, तुमचा चाकू नाई वं, माह्या जवायाचा चाकू. ज्या खेळासाठी त्यानं सुट्टी घेतली तो."

दालनातले तीस जण, ज्यांना दिसत नव्हतं, त्यांनी साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं माना वळवल्या. ज्यांना दिसत होतं असे आम्ही चौघं होतो, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"त्यांना हे कोनी सांगितलं?" मी सिस्टरला विचारलं. मामींना हे माहीत असणं शक्य नव्हतं.

"त्यांच्या मुलीनं काल सांगितलं म्हणे."

नीलमनं माझ्यासाठी काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं. मामी हे जाणूनही पहाटेची गाडी धरून आल्या होत्या.

मोनालीनं मोबाईल पुढे सरकवला. मी पाहिलं. पडद्यावर डाव थांबलेला होता. चाक्कोचं प्यादं अजून जास्तच होतं, हत्ती जागेवर होता, काहीही गेलं नव्हतं. फक्त त्याच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. एकोणचाळीस चाली झाल्या होत्या. चाळिसावी करायच्या आत वेळ संपला होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांना बुद्धिबळ येत नसावं, पण शून्य प्रत्येक अधिकाऱ्याला वाचता येतं.

"लवकर सांगा," सिस्टर म्हणाली. "डोळा उघडा ठेवला आहे."

मी मोबाईलवरची शून्यं पुन्हा एकदा मोजली. तेव्हा साहेब म्हणाले, "सांगा, चाकू जिंकला म्हना."

"साहेब, खोटं?"

"तायडे," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्यासाठी हे नवीन आहे काय?"

सिस्टर आत गेली. दार लागता लागता मामींचा आवाज बाहेर आला, "भल्लं झालं बाप्पा!" आणि मग वीस मिनिटं आत सगळं शांत होतं. डॉक्टर नंतर म्हणाल्या की इतकी स्थिर पेशंट त्यांना त्या दिवशी दुसरी मिळाली नाही.

साहेबांनी संत्री दालनात वाटली. भगवंतरावांनी दोन घेतली, लिंबाजी जिंकल्याबद्दल. जाताना साहेबांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "रजा मंजूर आहे. कारण खरं निघालं. तुमची इच्छा नव्हती, तो भाग वेगळा." पुढच्या सोमवारी मार्चअखेरची सगळी विवरणपत्रं त्यांनी माझ्या टेबलावर पाठवली. मला बोलायला जागा नव्हती.

शनिवारी सकाळी नीलम आली. डॉक्टर गावंडेंनी मामींना खुर्चीत बसवलं, पट्टी हळूहळू काढली, डोळा पुसला. मामींनी उघडझाप केली. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ सांगितली, बरोबर. नीलमकडे पाहिलं आणि "वायली तू, हाडं दिसते" म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जवाईबापू, केस कवा गेले तुमचे?"

"पाच वर्षं झाली, मामी."

"मले कोनी सांगितलंच नाई." त्यांनी हात पुढे केला. "दाखवा आता मले तो चाकू. जिंकला न तो? फोटू दाखवा."

नीलमनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं जुना एखादा, हातात चषक असलेला फोटो दाखवावा. पण मामींचा तो डोळा काल संध्याकाळपासूनचा, कोरा करकरीत होता, आणि पहिल्याच सकाळी त्याच्यापुढे काय धरायचं याची मला भीती वाटली. मी आदल्या दिवशीचा फोटो उघडला. समरकंदचं दालन रिकामं झालेलं. पटावर सोंगट्या तशाच. एका बाजूची खुर्ची मोकळी, आणि दुसरीवर चाक्को, कोट अंगावर ढगळ, कपाळ तळहातावर टेकवून बसलेला.

मामींनी मोबाईल जवळ घेतला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"मले वाटलं कोनी मिशावाला बुवा असन," त्या म्हणाल्या. "हे तं लेकरू हाय." अंगठ्यानं त्यांनी पडदा पुसला. "हा जिंकलेला मानूस नाई. हारला न हा?"

"हो, मामी."

"मंग काल खोटं काहून सांगितलं?"

"तुमचा डोळा उघडा होता."

त्या फोटो पाहत राहिल्या. मग विचारलं, "जेवला असन काय तो?"

सहा वर्षं मी चाक्कोच्या मागे होतो. डाव सुरू करायची त्याची प्रत्येक पद्धत, रेटिंग, कुणाविरुद्ध किती बरोबऱ्या, सगळं मला पाठ होतं. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"जेवला असेल, बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक काय करता? इचारा. तुमच्या मोबाईलवर सारं होते न?"

मी त्याचं पान उघडलं. त्या फोटोखाली हजारो लोकांनी लिहिलं होतं. घड्याळ पाहता येत नाही का, घरी बस, तुझ्यानं व्हायचं नाही, असं सगळं. कालच्या संध्याकाळी, खरं सांगायचं तर, मीही असंच काहीतरी लिहिण्याच्या बेतात होतो. मामींना ते वाचून दाखवलं नाही.

"लिवा," मामी म्हणाल्या. "इंग्लिशमंदी नको, तसंच लिवा, कोनी तरी सांगन त्याले. बापू, हारजीत होते. तू पह्यले जेवून घे. अन् खाली नाव लिवा माहं. चतुराबाई, हिवरखेड."

मी लिहिलं. नीलमनं वाचलं, 'हिवरखेड'च्या पुढे 'तालुका तेल्हारा' घातलं, आणि पाठवलं.